कमी बोलणाऱ्या, सतत निरखणाऱ्या माणसाला लिहावंसं का वाटतं? आणि टिपणांच्या पुढे कसं जायचं?

निरखणारी

नमस्कार. चार माणसांत बसलं की माझं बोलणं कमी आणि पाहणं जास्त होतं. कुणाचा चहा तसाच गार होतो, पाहुणे निघताना उंबऱ्यात किती वेळ रेंगाळतात, कोण कुणाचं बोलणं मध्येच तोडतं, हे सगळं लक्षात राहतं आणि लिहून काढल्याशिवाय चैन पडत नाही. असा स्वभाव असलेले आणि लिहिणारे इथे बरेच असतील, म्हणून विचारते.

एक, ही ओढ नेमकी कशामुळे असते? बोलायला जड जातं म्हणून माणूस लिहितो, एवढंच आहे का? दोन, वह्या भरतात पण त्यांतून कथा किंवा लेख उभा राहत नाही. तुकडे छान वाटतात, एकत्र केले की निर्जीव होतात. यातून बाहेर पडण्याची काही पद्धत आहे का? "लिहीत राहा" हा सल्ला ठाऊक आहे, त्यापेक्षा नेमकं काही हवं आहे.

---

संथ_लय

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्यावर इथले संपादक मंडळी जास्त चांगलं सांगतील.

ओढीचं मुख्य कारण वेळ. समोरचा प्रश्न विचारून थांबला आणि आपण उत्तर सुरू केलं, यांमधलं अंतर फार थोडं असतं. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे अंतर सरासरी साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा भरलं. भाषेगणिक थोडा फरक होता, पण कुठलीही भाषा यापासून फार लांब नव्हती. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. समोर दाखवलेल्या चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायलासुद्धा माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे गप्पांत वेळेवर बोलणारा माणूस समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं वाक्य जुळवायला लागलेला असतो. ज्याचं लक्ष त्या वेळी बोलणाऱ्याच्या हातांकडे, आवाजाच्या चढउताराकडे किंवा कोपऱ्यात गप्प बसलेल्या तिसऱ्याकडे आहे, त्याची जुळवाजुळव उशिरा सुरू होणार. त्याचं वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. हा शेवटचा भाग त्या अभ्यासातला नाही, त्यावरून मी काढलेला अर्थ आहे. पण अबोल माणसांच्या "मला नंतर सुचतं" या तक्रारीशी तो तंतोतंत जुळतो. कागदावर हे अंतर हवं तेवढं वाढवता येतं आणि उशिरा सुचलेलंही वाया जात नाही.

दुसरं कारण तात्पुरत्या स्मृतीचं. एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी नीट धरून ठेवता येतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये आधीचे अनेक प्रयोग तपासून मांडलं. फार पाहणाऱ्याकडे चारापेक्षा बरंच जास्त साठतं. त्यांतलं काय महत्त्वाचं हे ठरवायला ते आधी कुठेतरी उतरवून ठेवावं लागतं. म्हणून अशा माणसाला लिहिताना "मला काय वाटतंय ते आत्ता कळलं" असं होतं. विचार आधी आणि लिहिणं नंतर, असा क्रम त्याच्याकडे नसतोच.

आता एक गल्लत दूर करायला हवी. अंतर्मुख, लाजाळू आणि निरीक्षक हे तीन वेगळे गुण आहेत. 'अंतर्मुख' ही कल्पना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ साली रूढ केली, आज मात्र मानसशास्त्र तिच्याकडे एका लांब पट्टीचं टोक म्हणून बघतं आणि बहुतेक माणसं त्या पट्टीच्या मध्याजवळ सापडतात. लाजाळूपणात लोक काय म्हणतील याची भीती असते. अंतर्मुखाला तशी भीती असेलच असं नाही, त्याला फक्त गर्दीचा शीण लवकर येतो. आणि बारीक निरीक्षण तर भरपूर बोलणाऱ्या माणसालाही जमतं, चांगला दुकानदार त्यावरच धंदा करतो.

हे सांगायचं कारण, 'मी अंतर्मुख आहे म्हणून माझ्यात लेखक आहे' ही समजूत फसवी आहे. व्यक्तिमत्त्वाच्या ज्या पाच मोठ्या गुणांवर संशोधन होतं, त्यांत सर्जनशीलतेशी सातत्याने जोडला जाणारा गुण म्हणजे नव्या अनुभवाला दार उघडं ठेवणं. अंतर्मुखतेमुळे बैठक सोपी होते, एकटं बसण्याचा त्रास होत नाही. तेवढाच तिचा वाटा.

अबोल माणसाला माणसं नको असतात, असंही नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला सभासमारंभांपासून दूर राहत, पण त्यांच्या पत्रांचे खंड निघाले इतका त्यांचा पत्रव्यवहार मोठा होता. संवाद हवा होता, तो त्यांच्या वेगाने हवा होता.

एक शेवटचा फरक. मन मोकळं करण्याचं लिहिणं आणि वाचकासाठीचं लिहिणं वेगळं. पहिल्यावर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी ओळीने चार रात्री, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेविषयी लिहिलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लिहून झाल्याझाल्या जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या असंख्य प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडल्यावर परिणाम लहानच निघाला, तरी तो आहे. या पद्धतीने लिहिलेलं सहसा कुणाला दाखवायचं नसतं. तुमच्या वह्यांत ही दोन्ही लिखाणं एकत्र असतील तर आधी ती वेगळी करा. बरेच तुकडे निर्जीव वाटतात कारण त्यांचं काम लिहितानाच झालेलं असतं.

---

कथाघर

संथ_लय यांनी 'का' छान उलगडलं. मी 'पुढे काय' वर लिहिते. मोठं होईल, पण हा विषय दोन ओळींत सांगण्यासारखा नाही.

निरखणाऱ्या माणसाच्या लिखाणातला दोष त्याच्या गुणातूनच येतो. तो प्रसंगाच्या बाहेर उभा असतो, म्हणून त्याचा निवेदकही बाहेर उभा राहतो. खिडकीत बसलेला, काहीही न करणारा, सगळ्यांविषयी हळवा असा निवेदक नवोदितांच्या कथांत सतत भेटतो. वर्णन चांगलं असतं आणि घडत काही नाही. एकत्र केल्यावर तुकडे निर्जीव का होतात याचं उत्तर इथे आहे. प्रत्येक तुकड्यात कुणीतरी *दिसतं*, पण कुणालाच काही *हवं* नसतं.

सुरुवात टिपणापासून करू. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

टिपणात निकाल लिहायचा नाही, पुरावा लिहायचा. "बसमध्ये एक बिचारा माणूस, चेहऱ्यावर चिंता" हा निकाल झाला. महिन्याभराने वाचलात तर त्यातून माणूस उभा राहणार नाही, कारण 'बिचारा' आणि 'चिंता' हे शब्द तुमचे आहेत, त्याचं त्यात काहीच नाही. तेच असं लिहा: "एसटी. कंडक्टरकडे सुटे नव्हते, तिकिटाच्या मागे १३ लिहून दिले. पन्नाशीचा माणूस. तिकीट मुठीत, मूठ मांडीवर. गाव यायच्या आधी दोनदा उठला, बसला. कंडक्टर पुढे गर्दीत. उतरताना तिकीट खिशात घातलं." इथे निकाल देणारं एकही विशेषण नाही आणि तरी माणूस दिसतो. जागा, वेळ, हातांची हालचाल, एखादी वस्तू, आणि शक्य झालं तर एक वाक्य जसंच्या तसं. एका टिपणाला चार ते सहा ओळी पुरेत. जास्त लिहायला लागलात की तुम्ही पाहणं सोडून सजवायला लागता.

बोललेलं वाक्य मात्र लगेच लिहा. भाषेच्या स्मरणावर प्रयोग करणाऱ्या जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये दाखवलं की ऐकलेल्या वाक्याचा अर्थ टिकतो, पण त्याची शब्दरचना पुढची ८० अक्षरं ऐकेपर्यंत निसटते. म्हणजे अर्ध्या मिनिटाचा मामला आहे. घरी पोचल्यावर आठवून लिहिलेला संवाद तुमच्याच भाषेत उतरतो आणि मग कथेतली सगळी माणसं एकसारखी बोलतात.

वहीच्या उजव्या पानावर टिपण, डावं पान कोरं. आठवड्यातून एकदा मागची पानं वाचायची आणि डावीकडे फक्त एकच प्रश्न सोडवायचा: या माणसाला काय हवं होतं, आणि ते मिळवायला त्याला काय द्यावं लागलं असतं? वरच्या टिपणात हवं काय, तर १३ रुपये. द्यावं काय लागलं असतं? गर्दीतून मोठ्याने हाक मारावी लागली असती. शेजारच्यांनी वळून पाहिलं असतं. क्षुल्लक रकमेसाठी तोंड उघडणारा माणूस अशी आपली ओळख झाली असती. आता हे टिपण कथेच्या दिशेने सरकलं. आणि इथे तुमचा स्वभाव खरोखर कामाला येतो, कारण हाक न मारणाऱ्या माणसाच्या पोटात काय होतं ते तुम्हाला आतून माहीत आहे.

प्रत्येक टिपण या प्रश्नाला उत्तर देत नाही. वहीतल्या बहुतेकांचं उत्तर "काही नाही" असं येईल. ती टिपणं पार्श्वभूमीला वापरा किंवा सोडून द्या, त्यांच्यावर कथा रचायचा हट्ट धरू नका.

पुढची पायरी किंमत वाढवण्याची. १३ रुपये न मिळाल्याने काय बिघडतं? काहीच बिघडत नसेल तर तो प्रसंग आहे, कथा नाही. पुढच्या गाडीचं तिकीट नेमकं तेवढ्याने कमी पडणार असेल, किंवा सोबत मुलगा असेल आणि तो विचारत असेल "बाबा, मागा ना", तर न बोलण्याला वजन येतं. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो. पैशाच्या अडचणीपेक्षा मुलाची नजर वाचकाला लवकर कळते आणि जास्त वेळ टोचते. शिवाय मुलगा आला की संवाद आपोआप येतो. निरीक्षकांच्या कथांत संवाद फार कमी असतो, कारण लिहिणारा ऐकत असतो आणि पात्राला एकटं ठेवतो. पहिल्या खर्ड्यात किमान दोन माणसं समोरासमोर आणा आणि दोघांना वेगवेगळं हवं असू द्या.

पहिला खर्डा एका बैठकीत शेवटपर्यंत न्या, ८०० ते १००० शब्दांचा, वाईट झाला तरी. अबोल माणसाला दुरुस्तीची सोय आवडते आणि तीच त्याला अडकवते. पहिला परिच्छेद वीस वेळा घासला जातो, शेवट लिहिलाच जात नाही. शेवट काय हे कळल्याशिवाय पहिल्या परिच्छेदात काय हवं हे कळू शकत नाही, म्हणून तो घासण्यात काहीच हशील नाही. खर्डा झाला की निदान आठवडाभर बाजूला ठेवा.

मग दुसरं वाचन पेन्सिल घेऊन करा. "मला दिसलं", "तिला जाणवलं", "त्याच्या लक्षात आलं", "ऐकू आलं", "वाटून गेलं" असे सगळे शब्द अधोरेखित करा. मराठीत 'मला' आणि 'तिला' लावून अनुभव सांगायची सोय इतकी सहज आहे की पानावर दहा-बारा वेळा तो प्रयोग झालेला कळतही नाही. "त्याला दिसलं की कंडक्टर पुढच्या दाराशी अडकला आहे" याचं "कंडक्टर पुढच्या दाराशी अडकला होता" करा. वाक्य मोडत नसेल तर तो चष्मा काढून टाका. मोडत असेल तर ठेवा, कारण तिथे पाहणाराच महत्त्वाचा आहे. याच फेरीत "एक प्रकारची", "कुठेतरी", "काहीतरी", "जणू" हेही तपासा. हे शब्द सहसा तिथेच येतात जिथे लिहिणाऱ्याने नीट पाहिलेलं नसतं.

फोनवर टिपणं घ्यायची की वहीत, असा प्रश्न येईलच. फोनचा फायदा असा की कुणाला संशय येत नाही, सगळेच फोनमध्ये डोकं घालून असतात. तोटा असा की कीबोर्ड बोलीतले शब्द बदलून प्रमाण शब्द सुचवतो, आणि बोलून टाइप केलं तर ते परस्पर बदलूनही टाकतो. संवाद टिपायला लहान वही बरी.

---

पारावरचा

कथाघर यांचं पटलं, पण एक गोष्ट सुटली आहे असं मला वाटतं. नुसतं पाहून माणूस कळत नाही. निरखणारा स्वतःला फार अचूक समजतो आणि तिथेच चुकतो. तिकीट खिशात घालणारा तो माणूस लाजला नसेलही. त्याला कदाचित ठाऊक असेल की तिकीट दाखवून राहिलेले पैसे नंतर डेपोतही मागता येतात. त्याचं दोनदा उठणं गुडघ्याच्या दुखण्यामुळेही असेल.

म्हणून लिहायला लागायच्या आधी विचारायला शिकलं पाहिजे. अंतर्मुख माणसाला हे अवघड जातं हे मान्य, पण त्यासाठी बडबड्या व्हावं लागत नाही. कामाविषयी विचारा. "तुम्हाला कसं वाटतं?" या प्रश्नाला कुणी खरं उत्तर देत नाही. "हे कसं करतात?" याला दहा मिनिटं उत्तर मिळतं. चांभाराला टाक्याविषयी, कंडक्टरला दिवसअखेरच्या भरण्याविषयी, फुलवालीला उरलेल्या मालाविषयी विचारा. उत्तरात त्या धंद्याचे शब्द आपोआप येतात, आणि काम सांगता सांगता माणूस स्वतःविषयीही बोलून जातो. दोन प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचं. गप्प बसणं तुम्हाला येतंच, इथे ते कौशल्य ठरतं. बहुतेक लोक शांतता भरून काढायला स्वतः बोलायला लागतात आणि समोरच्याचं पुढचं वाक्य गमावतात.

धंद्याचा शब्द कळला नसेल तर तिथेच "म्हणजे?" असं विचारा. अंदाजाने लिहिलेला एक चुकीचा शब्द त्या धंद्यातल्या वाचकाला लगेच खुपतो आणि मग तो पुढचं सगळंच संशयाने वाचतो.

---

कथाघर

पारावरचा, मान्य. माझ्या उत्तरात एवढी भर घालते: कथा लिहायची असेल तर खऱ्या माणसाचं खरं कारण कळणं बंधनकारक नाही, तुम्ही नवा माणूस घडवता आहात. पण लेख किंवा व्यक्तिचित्र लिहायचं असेल तर विचारल्याशिवाय कारण लिहू नये. तिथे "तो लाजला" असं ठोकून देणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. जे दिसलं तेवढंच लिहावं.

---

निरखणारी

मनापासून आभार. डाव्या पानाची युक्ती आजच सुरू करते. आणखी दोन शंका. संवाद बोलीत लिहायचा झाला तर किती लिहायचा? आणि घरातल्या, ओळखीतल्या माणसांवरून लिहिलं की त्यांना कळतं आणि दुखावतात, याचं काय करायचं?

---

वऱ्हाडवाट

बोलीचं सांगतो.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही मांडणी सगळ्यात सोपी. पूर्ण निवेदन बोलीत करता येतं आणि चांगलंही होतं, पण ती बोली तुमच्या घरातली असेल तरच त्या वाटेला जा.

संवादात प्रत्येक उच्चार जसाच्या तसा लिहायला गेलात तर वाचक तिसऱ्या ओळीला अडखळतो. एका पात्रासाठी तीन-चार खुणा निवडा आणि त्या शेवटपर्यंत पाळा. पहिली पसंती क्रियापदांना द्या, कारण बोलीचा सूर त्यांत असतो. वऱ्हाडी माणूस "काय करून राहिला?" म्हणतो. मालवणी माणूस "खंय चललंस?" विचारतो. एवढ्यावरून वाचकाला गाव कळतं. मग 'ळ' चा 'य' किंवा 'ण' चा 'न' सगळीकडे करत बसायची गरज नाही. एखाद्या ठरावीक शब्दात तो ठेवला की पुरतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे दोन बोलींची सरमिसळ. वाचकाला 'ग्रामीण' वाटावं म्हणून साताऱ्याचं क्रियापद आणि नागपूरचा शब्द एकाच तोंडी घातला जातो. त्या भागातला वाचक तिथेच पुस्तक मिटतो, आणि त्याचं चुकत नाही. दुसरी चूक याहून वाईट आहे: शिकलेली पात्रं प्रमाण बोलतात आणि फक्त मोलकरीण, गडी, भाजीवाली बोली बोलतात. प्रत्यक्षात अकोल्याचा डॉक्टरही दवाखान्यात एक बोलतो आणि आईशी दुसरं बोलतो. हा बदल टिपायला तुमच्यासारख्याचा कान हवा. माणूस कुणाशी बोलताना भाषा बदलतो, हे लिहिलंत तर त्याच्या स्वभावाविषयी पानभर सांगावं लागत नाही.

आणि संवादातले "बरं का", "म्हणे", "ना", "की" गाळू नका. पहिल्या सफाईत हेच शब्द उडवले जातात आणि बोलणं मग कोरडं पडतं. "तो आला होता" आणि "तो आला होता म्हणे" यांत माहिती कुणाकडून आली आणि बोलणाऱ्याचा तिच्यावर किती विश्वास आहे, एवढा फरक आहे.

---

जुना_मुद्रितशोधक

ओळखीच्या माणसांविषयी.

नाव बदललं की माणूस झाकला गेला, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. आपल्याकडे माणूस ओळखला जातो नात्यावरून, गावावरून आणि व्यवसायावरून. "नाशिकची बँकेतली आत्या" असं लिहिलं आणि नाव काहीही ठेवलं, तरी भावकीत पाच मिनिटांत उलगडा होतो. या तिन्हींतल्या किमान दोन गोष्टी बदला. आत्याची शेजारीण करा, बँकेऐवजी पोस्ट करा. लकब ठेवा, ती तुम्हाला हवी असते. पण तीही अगदी एकमेवाद्वितीय असेल, सगळ्या गोतावळ्याला माहीत असलेली असेल, तर दुसऱ्या माणसाची लकब तिथे बसवा. दोन-तीन खऱ्या माणसांतून एक पात्र तयार झालं की ते कुणाचंच उरत नाही आणि लिहिणाऱ्याचाही हात मोकळा होतो.

आडनाव बदलताना विशेष सांभाळा. मराठी वाचक आडनावावरून जिल्हा, जात आणि बऱ्याचदा घरातलं खाणंपिणंसुद्धा ताडतो. देशावरच्या घराला कोकणातलं 'कर' लावलेलं आडनाव दिलंत, पण स्वयंपाकघर तसंच ठेवलंत, तर ते खटकतं. एक तर घराचे तपशील आडनावाशी जुळवा, नाही तर आडनाव येऊच देऊ नका. कथेत बहुतेक वेळा पहिलं नाव किंवा नातं पुरतं.

कुणी व्हॉट्सॲपवर किंवा पत्रात लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी वापरू नका. ती त्या माणसाने लिहिलेली आहेत. आजारपण, घटस्फोट, कर्ज या गोष्टी बदललेल्या रूपात येणार असतील तरी तो माणूस हयात आणि जवळचा असेल तर छापायच्या आधी त्याला वाचायला द्या. नाही म्हणाला तर ती कथा थांबवा. कथा थांबल्याने नुकसान थोडं होतं, नातं तुटल्याचं मोठं असतं.

आणि टिपणांच्या वहीत पूर्ण नावं लिहू नका, आद्याक्षर लिहा. घरात वही कुणाच्याही हाती लागते.

पुढेमागे पाठवणार असाल म्हणून थोडं तांत्रिक. दिवाळी अंकांची जुळणी पावसाळ्यातच सुरू होते, ऑक्टोबर उजाडल्यावर पाठवलेली कथा त्या वर्षी लागणं कठीण. कथा युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित करताना जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' सारखी अक्षरं बिघडतात. तशी फाइल पाठवायची वेळ आलीच तर सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे मूळ अक्षर काय होतं ते जुळवणाऱ्याला कळेल. एकाच वेळी दोन अंकांना एकच कथा पाठवू नका. नकार आला किंवा ठरलेली मुदत उलटली की मगच दुसरीकडे पाठवा, आणि पहिल्या संपादकाला तसं कळवा.

---

निरखणारी

आडनावाचं लक्षातच आलं नव्हतं. शेवटचं विचारते. पहिला वाचक कोण असावा? लेखनगटात सगळ्यांसमोर वाचून दाखवायची कल्पनाही नको वाटते.

---

कथाघर

गटात वाचलंच पाहिजे असं काही नाही. आधी एकटीने, दार लावून, मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य लांब झालंय. जिथे तुमचाच आवाज सपाट होतो तिथे मजकूर कापायचा आहे, त्या जागेवर समासात रेघ मारा आणि थांबू नका. संवाद वाचताना कोण बोलतंय हे नाव न घेता कळलं पाहिजे.

मग एका माणसाला लेखी द्या. घरातला नको, कारण तो तुम्हाला वाचतो. लिहिणाराच हवा असंही नाही, भरपूर वाचणारा पुरे. त्याला "कशी वाटली?" विचारू नका. "छान" एवढंच उत्तर येतं. तीन प्रश्न लिहून द्या: कुठे वाचायचं थांबावंसं वाटलं, कुणाला काय हवं होतं असं वाटलं, आणि काय समजलं नाही. उत्तरंही लेखीच मागा. तुम्हाला विचार करायला वेळ मिळेल आणि त्यालाही तोंडावर बोलण्याचा संकोच राहणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. वाचकाने "त्या माणसाला पैसे परत हवे होते" असं लिहिलं तर कथा अजून टिपणातच आहे. "त्याला मुलासमोर लहान व्हायचं नव्हतं" असं आलं तर फक्त भाषा तपासायची राहिली. आणि काहीच सांगता आलं नाही तर खर्डा दुरुस्त करत बसू नका, डाव्या पानावर परत जा.

---

संथ_लय

तो वाचक तीन प्रश्नांच्या पलीकडे जाऊन उपाय सुचवायला लागला, "इथे असं घाल, तिथे तसं कर", तर उपाय नोंदवा पण लगेच करू नका. कुठे अडलं हे वाचक सहसा बरोबर सांगतो, अडण्याचं कारण मात्र बऱ्याचदा दोन पानं आधी असतं. ते तुम्हालाच शोधावं लागेल.